‘शरारत’मधली नानी

‘शरारत’ ही मालिका स्टार प्लसवर २००३ ते २००६ या काळात दाखवली गेली. जादूची मालिका म्हणून आम्ही तेव्हा ती टाळली होती. यंदाच्या पावसाळ्यात, भाटघरच्या घरात, नववीतली लेक मोबाईलवर तिचे जुने भाग पाहताना दिसली. आम्ही रागावलो, “जादू हराम आहे, माहीत नाही?”

ती हळूच म्हणाली, “जादूसाठी नाही अम्मी, नानीसाठी बघते.”

तिची नानी जाऊन सात महिने झाले होते.

मग आम्हीही शेजारी बसलो. अठराव्या वाढदिवसाला जियाला (श्रुती सेठ) शक्ती मिळते. आई आणि नानीकडे ती आधीपासूनच असते. नानी झाल्या आहेत फरीदा जलाल. जिया जादूने काम उरकायला जाते, घोळ होतो आणि तो निस्तरताना तिघींची धावपळ होते.

पाहता पाहता फिरऔनच्या जादूगारांचा विषय निघाला. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्यासमोर त्यांच्या दोऱ्या-काठ्यांचा खेळ फसला आणि ते सजद्यात गेले. जादू वेगळी आणि अल्लाहची निशाणी वेगळी, हे लेकीला नुसत्या मनाईने कळलं नसतं.

“मग नानीला परत आणायची दुआ मागता येईल?” तिने विचारलं.

“परत आणायची नाही बेटा. तिच्या मग्फिरतीची मागू.”

त्या रात्री इशानंतर दोघींनी मिळून हात उचलले.

मुलं काय पाहतात यावर नजर हवीच. पण कशासाठी पाहतात, हेही एकदा विचारावं.