अपघातानंतरचा पहिला तास गावाच्याच हातात! मंडळं, बचत गटांनी काय शिकून ठेवावं?

रात्री आठची वेळ. फाट्यावर बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकते. पाच मिनिटांत पन्नास माणसं गोळा होतात. कोणी बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी ओततो, कोणी हात-पाय धरून त्याला जीपमध्ये टाकायला निघतो, कोणी व्हिडिओ काढतो. बाकीचे 'नको ती पोलिसांची कटकट' म्हणत लांबूनच बघतात.

गळीत हंगामात ऊसपट्ट्यातल्या गावांना हे चित्र नवीन नाही. मदतीची इच्छा सगळ्यांना असते, पण नेमकं काय करायचं हे माहीत नसतं. कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटलं आहे. या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वात जास्त असते. रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीजवळ असतो तो टपरीवाला, डेअरीवरचा माणूस नाहीतर मंडळातली पोरं. म्हणून प्रशिक्षणाची खरी गरज त्यांनाच आहे.

काय करावं?

- आधी मागून येणारी वाहनं थांबवा. धडकलेल्या गाडीची चावी बंद करा.
- १०८ ला फोन करून गाव, फाटा आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगा. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा म्हणजे राज्य महामार्ग. पोलिसांसाठी ११२.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका.

काय करू नये?

- बेशुद्ध माणसाला पाणी, चहा काहीही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.
- हेल्मेट ओढून काढू नका. मान किंवा मणक्याला मार असू शकतो.
- आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर जखमीला उगाच हलवू नका.

पोलिसांची भीती नको

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घालण्यात आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून झालेल्या चुकीसाठी खटला चालवता येत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही मदत करणाऱ्यानेच ठरवायचं. उलट, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी केंद्राच्या 'राह-वीर' योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. जखमीसाठी २०२५ पासून कॅशलेस उपचार योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत उपचार होतात.

कोणी काय करावं?

गणेश मंडळांनी वर्गणीतून प्रथमोपचार पेटी घेऊन ती फाट्यावरच्या दुकानात ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून एखादी संध्याकाळ प्रात्यक्षिकासाठी काढावी. नुसतं भाषण नको. रक्त कसं दाबून धरायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे प्रत्येकाने स्वतः करून बघावं.

बचत गटाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. शेतावर, डेअरीवर जातानाही हेल्मेट, आणि लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात चावी नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

ट्रॅक्टरमालकांनी आणि वाहतूकदारांनी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी. ती उसाच्या वाड्याखाली झाकली जात नाही ना, हे रोज बघावं. आणि ट्रॉली बंद पडल्यावर चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्यातच टाकून जाऊ नये. अंधारात तो दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसत नाही, आणि तो दुचाकीवाला बहुतेक वेळा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.