मातीची परीक्षा

मोशींत एखाद्या इमारतीचा पाया खणला जात असतां खड्ड्यापासून थोडें दूर उभें राहून पाहावें. वरती काळी माती, तिच्याखालीं पांढुरक्या खड्यांचा थर, मग मुरूम आणि तळाशीं कातळ. हा कातळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा. त्याचीच झीज होऊन काळी माती झाली. १९९७ सालीं गांव महानगरपालिकेंत आल्यापासून येथील शेतें इमारतींखालीं जात आहेत; तेव्हां ही माती हातीं येते तोंवरच तिला विचारून घ्यावें कीं, बाई, तुझें मडकें होईल काय?

ओली काळी माती बोटांनीं चेपली तर उत्तर ‘होय’ असेंच वाटतें. परंतु तिचा चिकटपणाच पुढें घात करितो. तिचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असून त्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते व पाणी गेलें कीं आकसते. उन्हाळ्यांत शेताला पडतात त्याच भेगा मडक्यालाही पडतात. म्हणून कुंभार नदीकांठचा पोयटा किंवा तळ्यांतील गाळ पसंत करितो, आणि मातींत राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळितो. वाळू आकसत नाहीं. लीद जळून सूक्ष्म छिद्रें ठेविते. माठांतील पाणी गार होतें तें अशा छिद्रांतून पाझरून बाहेर त्याची वाफ होते म्हणूनच. इंद्रायणीकांठचा गाळ घ्यावयाचा तर जेथें सांडपाण्याचा ओहोळ मिळतो ती जागा टाळावी. पिण्याच्या पाण्याचें भांडें तसल्या मातीचें नको.

आणलेली माती वाळवून कुटावी व भरपूर पाण्यांत कालवावी. खडे तळाशीं बसले कीं वरचा राड बारीक फडक्यांतून गाळून घ्यावा. तो निवळला म्हणजे पाणी ओतून देऊन माती कणकेसारखी होईपर्यंत सुकवावी. मग तिचे वाटे करून एकांत कांहींच न घालतां, दुसऱ्यांत चौथाई वाळू, तिसऱ्यांत थोडी अधिक, अशा वड्या थापाव्या आणि प्रत्येकीवर खूण करून १० सेंटिमीटरांची रेघ ओढावी. वडी सावलींत वाळल्यावर रेघ ९ भरली तर आकस शेंकडा १०. ही वजाबाकी आमच्या मतें पाठ्यपुस्तकांतील पुष्कळ उदाहरणांपेक्षां बरी.

सर्वांत फसवा शत्रु तो पांढरा खडा, म्हणजे चुनखडी. वाळक्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. ती फसफसली तर चुनखडी आहे असें समजावें, आणि माती आणखी बारीक गाळावी.

भाजणें वडील माणसांच्या देखरेखीखालींच व्हावें. वड्या गोवऱ्यांत रचून प्रथम मंद धग द्यावी. घाई केली तर आंतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन वडी फुटते. सुमारें ६०० अंशांपर्यंत आंच चढली म्हणजे मातीच्या घटनेंतलेंच पाणी निघून जातें, व मग ती पुन्हां चिखल होत नाहीं. लोहामुळें वडी तांबडी होते, जेथें वारा पोंचत नाहीं तेथें काळी.

थंड झालेल्या वडीवर टिचकी मारून पाहावी. कच्ची वडी बद्द वाजते, पक्की खणखणते. गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांची परीक्षा केली ही कथा घरोघरीं ठाऊक आहे, आणि ती रीत कुंभाराचीच. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वींची कुंभाराची भट्टी सांपडली. तेथील जोर्वे पद्धतीचीं तांबडीं भांडीं आजही धातूसारखीं वाजतात!

नंतर वडी रात्रभर पाण्यांत ठेवावी. विरघळली तर आंच कमी पडली. टिकली तरी लगेच मडकें घडविण्यास बसूं नये. आंत चुनखडीचा कण राहिला असेल तर भाजल्यानें त्याची कळी झालेली असते. ती ओल शोषून फुगते आणि कित्येक दिवसांनींही पृष्ठाची कपची उडविते. म्हणून वडी आठ दिवस तशीच राहूं द्यावी, आणि नवव्या दिवशीं ती अभंग असेल तर त्याच मिश्रणाची माती चाकावर घ्यावी.