मास्टर विनायकांचे विनोदी बोलपट

हॉलिवूडमध्ये १९१२ साली मॅक सेनेट यांनी कीस्टोन कंपनी काढली आणि धावाधाव, पडझड व एकमेकांवर आदळणारे पोलीस शिपाई यांच्या बळावर मूकपटातून हसविण्याची एक स्वतंत्र विद्याच निर्माण केली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटेखानी प्रहसनपट काढला होता खरा. परंतु मराठी विनोदाचे पडद्यावर बस्तान बसविले ते कोल्हापूरच्या विनायक दामोदर कर्नाटकी, अर्थात मास्टर विनायक यांनी.

बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह १९३६ मध्ये त्यांनी हंस पिक्चर्स स्थापन केली, तेव्हा ‘छाया’सारख्या खांडेकरांच्या करुणगंभीर कथेनेच तिचा श्रीगणेशा झाला. विनोदाकडे त्यांना खऱ्या अर्थाने वळविले ते आचार्य अत्रे यांनी. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या बोलपटात विनायकांनी स्वतः रंगविलेला औदुंबर एका देशभक्ताचे व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरींना रजा देतो आणि व्यायामाच्या नादी लागतो. आणि मग पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकर गात गात त्या निग्रहाची जी त्रेधा उडवितात, तिने त्या काळच्या सोवळ्या प्रेक्षकांत केवढी खळबळ उडविली हे सर्वश्रुतच आहे.

मला मात्र अधिक प्रिय आहे ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९). ज्या वर्षी मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी पुकारली, त्याच वर्षी म्युनिसिपालिटीतला बगाराम नावाचा भोळसट कारकून, ब्रँडी म्हणजे काय याचा पत्ता नसताना, ती मिळविण्यासाठी वणवण हिंडतो. बगाराम झालेले दामुअण्णा मालवणकर धावत नाहीत, आपटत नाहीत. नुसते थबकतात, तिरळी नजर समोरच्याच्या खांद्यापलीकडे लावतात, आणि विनायकांचा कॅमेरा घाई न करता त्यांच्यासमोर उभा राहतो. सेनेटचा विनोद वेगाचा, तर विनायकांचा खोळंब्याचा. आणि मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीत, म्हणजे आमच्या नागपुरात, साहेबाच्या दाराशी अर्ज घेऊन ताटकळणारे कारकून काही कमी नव्हते, तेव्हा बगाराम इथे परका ठरण्याचे कारणच नव्हते. शिवाय हा पट हिंदीतही निघाल्यामुळे, या दुभाषी शहरात शेजारच्या हिंदी बिऱ्हाडालाही हसण्याची सोय झाली.

पुढे नवयुग या चित्रसंस्थेसाठी काढलेल्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) यांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ दामुअण्णा व विष्णुपंत जोग यांच्या रूपाने अवतरले. १९४३ मध्ये प्रफुल्ल पिक्चर्स स्थापून विनायकांनी पितृछत्र हरपलेल्या लता मंगेशकरांना आधार दिला, नूरजहाँला घेऊन ‘बडी माँ’ (१९४५) काढला. पण या उत्तरकाळात बगारामाचा तो मिस्किल सूर पुन्हा लागला नाही, असे माझे मत आहे. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले, आणि हातातला ‘मंदिर’ दिनकर द. पाटील यांना पुरा करावा लागला.