गाडी बाजूला घ्या!

"ए हिरो, गाडी बाजूला घे!" हे शब्द ज्याच्या कानी पडले नाहीत असा दुचाकीस्वार विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनच काढावा लागेल. शिट्टी वाजते, छातीत धडधडू लागते, हात नकळत खिशाकडे जातो आणि ओळखीच्या एखाद्या 'काकां'चा फोन नंबर आठवू लागतो. सुटका झाली की कट्ट्यावर चहाबरोबर पोलिसांचा यथेच्छ उद्धार होतो. या उद्धारात मीही हिरिरीने भाग घेत असे. गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने माझे मत थोडे बदलले, म्हणून हा लेखप्रपंच.

थोरल्या भावाची जुनी मोटारसायकल घेऊन मी सकाळच्या तासाला निघालो होतो. पुलाजवळ नाकाबंदी होती. पीयूसीची मुदत संपलेली आणि सायलेन्सर हौसेने बदललेला, दंड झाला. रागारागाने गाडी गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रीने मागचे चाक उघडून दाखवले. ब्रेकचे लायनर झिजून लोखंड लोखंडाला घासत होते. "सायलेन्सरचं राहू द्या, आधी हे बघा," तो म्हणाला. त्याच गाडीवर माझी बहीण मागे बसून रोज क्लासला जात होती. पोलिसाला ब्रेकचा दोष दिसला नव्हता. पण मला तरी कुठे दिसला होता?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रवासी रिक्षा, ट्रक, एस.टी. यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी दुचाकीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी असते आणि तिची परिवहन कार्यालयात तपासणी होते ती नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या काळात पीयूसी काढतो खरी. पण तेथे तपासला जातो तो धूर. ब्रेक, टायर, दिवे यांकडे पीयूसी केंद्र पाहत नाही. म्हणजे पंधरा वर्षांत आपल्या गाडीची परीक्षा घेणारे दोनच: रस्त्यावरचा पोलीस आणि आपण स्वतः.

पोलिसाला अडवण्याचा अधिकार मिळतो तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन्स दाखवणे आपल्यावर बंधनकारक आहे. नोंदणी, विमा आणि पीयूसी यांचे कागदही जवळ हवेत. २०१८ च्या अखेरीपासून नियमांतच सोय झाल्यामुळे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरील कागद ग्राह्य धरले जातात. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला नुसता फोटो मात्र चालत नाही. वाद होतो तो बहुधा येथेच. पोलिसांखेरीज परिवहन खात्याचे वायुवेग पथकही तपासणी करते. त्यातील मोटार वाहन निरीक्षक हा अभियांत्रिकीची पदविका घेतलेला असतो, त्यामुळे गाडीच्या यंत्रातील दोष त्याला अधिक चांगला कळतो.

आता आपल्या लाडक्या सायलेन्सरकडे वळू. सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या पोटात कप्पे व छिद्रांच्या नळ्या असतात. इंजिनातून धक्क्याने बाहेर पडणारा वायू त्यांतून फिरताना आवाज शमतो. आजच्या गाड्यांत विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरकही त्याच मार्गावर असते. आपण तो काढून 'फटफट' करणारी नळी बसवतो, तेव्हा आवाज आणि धूर दोन्ही मोकाट सुटतात. १७५ घन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीला उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे गणित फसवे असते. ८० चे ९० झाले तर ध्वनीची तीव्रता दहापट होते. रुग्णालयातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला ही दहापट चांगली कळते. २०१९ च्या दुरुस्तीने ध्वनी व वायुप्रदूषणाच्या या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला, तो उगाच नव्हे. तीच गोष्ट नंबरप्लेटची. ४१४१ चा 'दादा' करून मिरवताना गंमत वाटते. पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर वाचता न आल्याने ज्याची दाद लागत नाही, त्याला त्यात गंमत दिसत नाही.

तपासणारेही धुतल्या तांदळासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. तरुण दिसला की अडवायचे, एकेरीत बोलायचे, किल्ली काढून घ्यायची, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. किल्ली हिसकावण्याचा अधिकार कायद्यात कुठेही दिलेला नाही. लायसन्स जप्त केले तर लेखी पोच देणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि तिच्यावर मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. दंड मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. आणि 'चहापाण्या'चे काय? ते मागणारा दोषी, तसा शंभराची नोट पुढे करून 'साहेब, मिटवा' म्हणणाराही दोषीच. त्या नोटेने पावती वाचते. झिजलेला ब्रेक मात्र तसाच राहतो.

२०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना संकट दिसून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. त्यापुढचे सारे ब्रेक आणि टायर यांच्या हाती.

म्हणून रविवारची दहा मिनिटे गाडीला द्यावीत. टायरच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलावा. ड्रम ब्रेकच्या दांडीपाशी पुष्कळ गाड्यांना बाणासारखी खूण असते. ब्रेक दाबल्यावर ती मर्यादेबाहेर गेली की लायनर संपले समजावे. मागचा दिवा, इंडिकेटर आणि चेनचा ताण पाहावा. याला मिस्त्री लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

त्या दिवशीच्या दंडाची पावती मी अजून जपून ठेवली आहे. तो दंड सायलेन्सर आणि पीयूसीबद्दल होता. ब्रेकबद्दलचा दंड भरावा लागला नाही, एवढेच माझे नशीब; आणि तो दंड पैशांत भरून भागणारा नव्हता. पुढच्या वेळी "गाडी बाजूला घे" अशी हाक आली, तर कागद आणि गाडी दोन्ही ठीक असलेल्या माणसाच्या शांतपणे थांबता यावे. त्या शांतपणाने हक्कही मागता येतो, आणि समोरच्या साहेबालाही 'अहो-जाहो' करायला लावता येते.