खिलाफतीची पाचशे वर्षे (भाग ७) : थकलेला पगार

शाळेच्या पुस्तकात अब्बासी खिलाफतीचा शेवट एका ओळीत उरकतात : १२५८ साली हुलागू खानाने बगदाद लुटले आणि खलीफा अल-मुस्तसिमला ठार केले. माझ्या लेखी ती उत्तरक्रिया होती. सत्ता तीनशे वर्षे आधीच गेली, आणि गेली ती फौजेच्या पगारापायी.

हारून अल-रशीदनंतर अमीन आणि मामून या भावांत यादवी झाली, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो. मामून जिंकला, पण बगदादच्या जुन्या फौजेवरचा भरवसा उडाला. त्याच्यामागून गादीवर आलेला भाऊ अल-मुतसिम याने तोडगा काढला तो तुर्क गुलामांचा. मध्य आशियातून पोरे विकत आणायची, त्यांना शिपाईगिरी शिकवायची. इराकात ना गोत ना गाव, म्हणजे धन्याशीच इमान राखतील! बगदादकरांशी त्यांचे खटके उडू लागले, तेव्हा ८३६ मध्ये त्याने राजधानीच तैग्रिसच्या काठाने सव्वाशे किलोमीटर वर, सामरा येथे हलवली.

या शिपायांना पगार मात्र रोख लागे. ८६१ मध्ये तुर्क सरदारांनी खलीफा मुतवक्किलला महालातच कापून काढले. पुढच्या नऊ वर्षांत चार खलीफा झाले. त्यांतल्या मुअतज्जची गोष्ट इतिहासकार तबरीने लिहून ठेवली आहे. थकलेल्या पगारापोटी शिपाई पन्नास हजार दिनारांवर तडजोडीला तयार होते. तिजोरी रिकामी, म्हणून त्याने आईपुढे, कबीहापुढे, हात पसरला. ती नाही म्हणाली. पदच्युत मुलगा कोठडीत अन्नपाण्यावाचून मेला आणि नंतर तिचे दडवलेले घबाड सापडले, त्यात दिनार लाखांनी होते.

एवढ्यात इब्न तुलून ८६८ मध्ये इजिप्तला गेला आणि तिथला वसूल स्वतःकडे ठेवू लागला. बसऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीत राबणाऱ्या झंज गुलामांचे बंड चौदा वर्षे चालले. उरला इराकचा सवाद, म्हणजे कालव्यांवर पिकणारा सुपीक पट्टा. त्यालाही घरच्यांनीच हात घातला. खलीफाच्या नावाने कारभार हाकणाऱ्या इब्न राइकने ९३७ मध्ये प्रतिस्पर्धी बजकमची वाट अडवायला नहरवान कालव्याचा बांध फोडला. बजकम पुढच्याच वर्षी बगदादेत शिरला. पाणी गेले, शेती उजाड झाली. या एका कृत्याचा राग मला हुलागूपेक्षा जास्त येतो.

९४५ मध्ये बगदाद घेणाऱ्या बुवैही घराण्यातल्या अमिराजवळही रोकड नव्हती. त्याने शिपायांना जमिनींचा वसूलच तोडून दिला. याला इक्ता म्हणत, पुष्कळसे आपल्याकडच्या सरंजामासारखे. उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या जमिनीचा कालवा कोण उपसणार? बुवैही शिया, खलीफा सुन्नी. तरी खलीफाला त्यांनी नेमणूक बांधून देऊन गादीवर ठेवले. खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, आणि नाण्यावर त्याचे नाव राहिले.

त्या नावाला बाहेर अजून भाव होता. गझनीच्या महमुदालाही किताब हवा होता तो बगदादचाच. त्याविषयी पुढच्या भागात.