चिमूटभर मिठातल्या विजा

पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले गेले. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे आणि उन्हाला आटवू द्यायचे. बरीच मिठागरे आता भरावाखाली गेली आहेत. पण त्या पाण्यात विजेचा केवढा चोख हिशेब चालतो, हे कळले की मिठाच्या खड्याकडे बघतच राहावेसे वाटते.

सोडियमच्या अणूत 11 इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सुटला, की +1 प्रभाराचा आयन उरतो. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन. आठवा मिळाला, की −1. मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून +2. साहजिकच सोडियमला एक क्लोराइड पुरतो, मॅग्नेशियमला दोन लागतात.

गंमत म्हणजे समुद्राच्या पाण्यात दर 100 क्लोराइड आयनांमागे सोडियमचे आयन साधारण 86च असतात. तरी पाणी ऋणप्रभारित होत नाही. सोडियमची तूट मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम भरून काढतात. त्यांच्याकडे उरलेला धनप्रभार सल्फेटसारखे आयन फेडतात.

पाणी आटू लागले, की आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ खाली बसते. प्रत्येक स्फटिकात धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य! मॅग्नेशियम क्लोराइड बहुतांशी मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. त्याचा अंश खड्यांना चिकटून घरी आला, तर तो हवेतला ओलावा ओढतो आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते.

पण बेरीज शून्य म्हणजे प्रभारच नाही असे नव्हे. एक ग्रॅम मिठातल्या सोडियम आयनांचा एकूण धनप्रभार सुमारे 1650 कूलोम भरतो. कोसळणाऱ्या एखाद्या विजेतून साधारण 15 ते 30 कूलोम प्रभार जमिनीत जातो. म्हणजे चिमूटभर मिठात पन्नासहून अधिक विजांचा प्रभार, आणि बोटांना साधी झिणझिणीही नाही! तेवढाच ऋणप्रभार क्लोराइड आयनांकडे असतो, म्हणून. हे दोन गट वेगळे काढून एक मीटर अंतरावर ठेवता आले असते, तर अडीच लाख कोटी टन वजनाइतक्या जोराने ते एकमेकांकडे ओढले गेले असते. नुसत्या सोडियम आयनांची रास कुठल्याच मिठागरात लागत नाही, ती या ओढीमुळे.