नाणेघाटाच्या भिंतीवरचे आकडे: जुन्नर बघायचं तर या वाटेवरून बघा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत.

आजचा विषय जुन्नर. ‘एका वीकेंडला जुन्नरमध्ये काय काय बघू?’ हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. नेटवर शोधलं की यादी मिळते: शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर. पण ही सगळी ठिकाणं एकाच तालुक्यात का, हे यादीत नसतं. मी कोड लिहून पोट भरणारा माणूस, त्यामुळे हा ‘का’ सुटल्याशिवाय मला चैन पडत नाही. उत्तर एका वाटेत आहे, नाणेघाटात.

नकाशा उघडा. खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरं. वर देशावर, लांब गोदावरीकाठी, पैठण ही सातवाहनांची राजधानी. मध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतून माल वर न्यायचा तर घाट हवा, आणि नाणेघाट हा त्यातला महत्त्वाचा. घाट चढून आलं की पुढचं मोठं गाव जुन्नर. बैल, व्यापारी, पैसा, सगळं इथून जायचं. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे आणि त्यावरूनच घाटाला नाव पडलं, असं सांगतात.

पावसाळ्यात लोक इथे उलटा धबधबा बघायला येतात. वाऱ्याने पाणी वर उडतं, रील झकास होते, मान्य. पण माथ्यापासून काही मिनिटं कोकणच्या बाजूला खाली उतरलात की एक चौकोनी गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलाय. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा हा लेख मानतात.

लेखात काय आहे? सुरुवातीला देवांना वंदन: इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. मग केलेल्या यज्ञांची यादी, त्यात अश्वमेधही. आणि प्रत्येक यज्ञाला किती दक्षिणा दिली त्याचा हिशोब: गाई, घोडे, हत्ती, चांदीची भांडी, कार्षापण नावाची नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, एका ठिकाणी ६,००१.

आता हे ६,००१ बघा, कारण माझ्यासारख्याला खरी मजा इथे येते. आपण ६००१ लिहितो तेव्हा मधली दोन शून्यं जागा धरून ठेवतात. या लेखात तसं शून्य नाहीच. हजाराला वेगळी खूण, शंभराला वेगळी, दहाला वेगळी. हजाराच्या खुणेला सहाची खूण जोडायची, पुढे एकाची आडवी रेघ ओढायची, झाले ६,००१. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. त्या हात न उचलता भराभर लिहून बघा, आपल्या २ च्या जवळ काहीतरी येतं. म्हणून आकड्यांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव हमखास येतं. कर्नल विल्यम साईक्स १८२८ मध्ये इथे येऊन गेला, आणि पुढे जॉर्ज ब्यूलरने १८८३ मध्ये लेखाचं वाचन छापलं.

वाट जुन्नरला पोचली की पैशाचा माग लेण्यांमध्ये दिसतो. शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, बहुतेक सगळी बौद्ध. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचा डोंगर. लेण्याद्रीचा गिरिजात्मज, आपल्या अष्टविनायकांतला गणपती, तो बसलाय एका बौद्ध विहारात. इथले दानलेख वाचा: धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी पैसे ठेवल्याचे उल्लेख आहेत, जवळपास आजच्या एफडीसारखे. इरिल नावाच्या एका यवनानेही टाकी खोदून दिली. समुद्रापलीकडची माणसं या वाटेने आली आणि इथलीच झाली.

आणि किल्ले? वाट आली की पहारा आला. जीवधन घाटाच्या अगदी डोक्यावर, पुढे चावंड, हडसर आणि जुन्नरवर नजर ठेवून शिवनेरी, जिथे १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या तोफा लावून उडवल्या. चढताना मध्येच पायऱ्या गायब होतात, त्याचं कारण हे.

प्लॅन सोपा आहे. पहिल्या दिवशी सकाळी शिवनेरी, दुपारनंतर लेण्याद्री. दुसऱ्या दिवशी चावंड, पायथ्याजवळच्या पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ, मग घाटघरमार्गे नाणेघाट. पायाला खाज असेल तर मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून जुन्या वाटेनेच चढा. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. जीवधनचा कातळटप्पा पावसात अनुभवी माणसाशिवाय करू नका. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकटं फिरू नका, हा बिबट्यांचा तालुका आहे.

एक शेवटचं, आणि हे मनापासून. त्या गुहेत राजा, राणी, राजपुत्र यांचे पुतळे ओळीने होते. आज पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी राहिलीत. मोठ्या लेखात राणीचं नाव जिथे असायला हवं, तो भाग झिजून गेलाय. ते नाव आपल्याला कळतं ते पुतळ्यांवरच्या छोट्या पाटीमुळे. ती पाटीही गेली असती तर एवढं दान करणारी बाई बिननावाचीच राहिली असती.

म्हणून अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू, पाणी, पावडर काही लावू नका. मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने पाडा, सावलीत अक्षरं आपोआप उठून दिसतात. पाऊस आला तर गुहेत जरूर थांबा, चूल मात्र पेटवू नका. ग्रुपमधला कुणी दगड उचलून स्वतःचं नाव कोरायला निघाला, तर त्याला ही राणीची गोष्ट सांगा.

गुहेत जाऊन आलात तर दोन आडव्या रेघांचा तो ‘दोन’ सापडला का, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!